काबुली चण्याचं कालवण आणि लातूरचं पाणी

लातुरात चणे शिजवायचे तर आधी पाणी बघावं लागतं, मसाल्याचं नंतर. आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन राहायला आलेली एखादी वहिनी जिन्यात गाठून विचारते, "तुमचे छोले एवढे मऊ कसे होतात हो? आमचे आठ शिट्ट्या झाल्या तरी दाताखाली कचकचतात. काय घालता?" मी उलट विचारते, पाणी कुठलं घेतलं? उत्तर ठरलेलं. बोरचं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी विद्यार्थ्यांचे डबे करते. अभ्यासाचा लातूर पॅटर्न म्हणतात ना, त्या पॅटर्नच्या मागे लागून नांदेड, परभणी, हिंगोली, पार सोलापूरकडूनही पोरं-पोरी इथे अकरावी-बारावीला येतात. खोली घेतात, क्लास लावतात आणि जेवायला आमच्यासारख्यांकडे. मला सगळी काकू म्हणतात. रविवारी सकाळचा डबा जातो, रात्रीचा नसतो. त्यामुळे रविवारची रात्र माझी स्वतःची. भाजी आणायला बाहेर पडायचं नाही असं मी ठरवूनच टाकलेलं आहे. घरात जे डबे-बरण्या आहेत त्यातलंच करायचं, आणि त्यात पहिला नंबर काबुली चण्याच्या कालवणाचा.

मी छोले म्हणत नाही, कालवण म्हणते. छोले म्हटलं की लोकांना अमृतसर आठवतं, मग आवळा, चहाची पुरचुंडी, अनारदाणा, कसुरी मेथी अशी यादी सुरू होते आणि माणूस दुकानात जातो. यादी वाईट नाही, पण ती त्यांच्या घरच्या बरण्यांतून आलेली आहे. माझ्या घरात येसूर, म्हणजे भाजलेल्या धान्याचं मसालेदार पीठ, आहे, काळा मसाला आहे, सुकं खोबरं आहे, चिंच आहे. भाकरीशी खायचं तर आमचंच बरं.

तर पाणी. आमच्या भागात बोर खोल आहेत आणि पाणी जड. गिझर उघडला की आत पांढरा थर, पातेल्याच्या कडेला पांढरी रेघ. ह्या पाण्यात तूरडाळ कशीबशी शिजते, पण अख्खं कडधान्य अडून बसतं. असं का, ते मला माझ्याकडच्याच एका पोराने जेवता जेवता समजावलं. केमिस्ट्रीत त्याचं डोकं चांगलं. म्हणाला, "काकू, चण्याच्या सालात आणि आतल्या पेशींत पेक्टिन असतं, ते सगळं चिकटवून धरतं. शिजताना ते विरघळायला पाहिजे. तुमच्या पाण्यातलं कॅल्शियम त्याला आणखी घट्ट बांधतं." मी म्हटलं, मग उपाय सांग. तर म्हणे मीठ. भिजवतानाच मीठ घाला, मिठातलं सोडियम त्या कॅल्शियमची जागा घेतं.

आता हे ऐकून आमच्या सासूबाई हसल्या, त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांच्या मते मीठ आधी घातलं की कडधान्य दडस राहतं. बहुतेक घरांत हेच सांगतात. पण मी दोन पातेल्यांत वेगवेगळे भिजवून त्यांना दाखवलं. मिठाच्या पाण्यातले चणे सालासकट मऊ झाले, बिनमिठाचे वरून फुटले आणि आतून पिठूळ राहिले. आत्याबाई बोलल्या काही नाहीत, पण दुसऱ्या आठवड्यात मटकी भिजवताना मीठ मागितलं त्यांनी.

माप सांगते. एक वाटी चणे, चार वाट्या पाणी, एक सपाट चमचा मीठ. रात्रभर, म्हणजे आठ-दहा तास. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा ओट्यावर ठेवू नका, आंबूस वास येतो. फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी ते पाणी ओतून द्यायचं, चणे धुवायचे आणि शिजवायला नवीन पाणी घ्यायचं. घरापुरते असतील तर मी हे नवीन पाणी जारचं घेते, वीस लिटरचा जार येतोच. नाहीतर बोरचं पाणी दहा मिनिटं खळखळ उकळून गार करायचं, क्षार तळाशी बसतो, वरचं पाणी अलगद काढून घ्यायचं. उकळून सगळं जडपण जात नाही, पण बरंचसं उतरतं. चाळीस डब्यांना तीन किलो चणे लागतात, तेव्हा जार परवडत नाही. तिथे मी खायचा सोडा घालते, पण वाटीला एक चिमूट, जेवणाचा चमचा भरून नव्हे. सोडा जास्त झाला की साल सुटून तरंगतं, साबणासारखी चव येते आणि म्हणे बी-वन जीवनसत्त्वही जातं.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर २०१६ बद्दल लिहिते. मांजरा धरण कोरडं पडलेलं आणि शहराला प्यायलाही पाणी नाही, अशी वेळ. १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाण्याची रेल्वे आली, दहा वॅगन, पाच लाख लिटर. जलदूत म्हणायचे तिला. टीव्हीवाले स्टेशनवर होते, मी घरात बादल्या मोजत होते. डबे तेव्हा नुकतेच सुरू केलेले. त्या उन्हाळ्यात माझ्या डब्यात कडधान्य जवळजवळ नव्हतंच. लोक समजतात की भाजी महाग झाली की कडधान्य करायचं. पण कडधान्याला भिजवायला पाणी, धुवायला पाणी, शिजवायला पाणी. मुगाची डाळ, पिठलं, शेंगदाण्याची आमटी, ह्याच्यावर ते तीन-चार महिने काढले. पोरं कुरकुरली नाहीत. सगळ्यांच्या खोल्यांत तीच गत होती.

बरं, चणे. गंजगोलाईत, म्हणजे इथल्या मुख्य बाजारात, सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एका रस्त्यावरच्या दुकानातून मी घेते. दुकानदार मोठ्या दाण्याचा माल पुढे करतो, त्याला बाजारात डॉलर म्हणतात. दिसायला छान, लग्नाच्या पंगतीत शोभतो, आणि किंमतही तशी. मला मध्यम दाणा आवडतो. मोठा दाणा बाहेरून फुटायला लागतो तरी आत कच्चा असतो, मध्यम दाणा एकसारखा शिजतो. रंग बघून घ्या. ताजा माल फिकट, दुधाळ पिवळट असतो. वर्ष-दीड वर्ष दमट गोदामात पडलेला माल तपकिरीकडे झुकतो, आणि त्याला मीठ, सोडा, जारचं पाणी काहीही घाला, तो हट्ट सोडत नाही. हरभरा रब्बीचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. म्हणून गुढीपाडव्याच्या पुढे नवीन माल आला की मी वर्षाचा घेऊन ठेवते, कडक ऊन दाखवून, कडुलिंबाचा पाला घालून, पत्र्याच्या डब्यात.

आमचा मूळ हरभरा मात्र हा नव्हेच. आमचा लहान, तपकिरी, टोकाला चोच असलेला. आत्याबाईंचं माहेर औशाकडचं. येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, सगळं गाव शेतात जेवायला जातं. लातूर जिल्ह्यात त्या दिवशी सुट्टी असते, शहरात शुकशुकाट. तेव्हा हरभरा कोवळा असतो आणि ओला हरभरा, तूर, वाल, गाजर, जे शेतात असेल ते घालून बेसन लावलेली भज्जी होते, सोबत आंबील आणि बाजरीचे उंडे. त्या भज्जीची चव काबुली चण्याला कधी येणार नाही. पहाटे हरभऱ्याच्या शेतात पातळ फडकं फिरवून दवाबरोबर आंब गोळा करायचे लोक, पानांवरचं आंबट पाणी ते, पोटदुखीवर द्यायचे. आत्याबाईंच्या सांगण्यात ते येतं, मी पाहिलेलं नाही. असो. काबुली हा नंतर आलेला पाहुणा, पण डब्यातल्या पोरांना तोच आवडतो. देशी हरभऱ्याची उसळ दिली की अर्धी परत येते.

कुकरमध्ये चणे आणि दोन बोटं वर येईल एवढंच पाणी. कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, कडधान्याला फेस येतो आणि तो शिट्टीच्या भोकात अडकतो. पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग आच बारीक करून पंधरा ते वीस मिनिटं. मी शिट्ट्या मोजत नाही. प्रत्येकीचा कुकर वेगळा, प्रत्येकीची शेगडी वेगळी, "सहा शिट्ट्या" ह्याला काही अर्थ नाही. घड्याळ बघा. वाफ आपोआप जिरू द्या, चिमट्याने शिट्टी उचलू नका, चणे फुटतात. झाकण उघडलं की एक दाणा दोन बोटांत दाबायचा. जोर न लावता चेपला पाहिजे. नाही चेपला तर परत लावा, कितीही भूक लागलेली असो. इथे घाई केली की पुढे काही दुरुस्त होत नाही, कारण पुढे चिंच पडणार आहे, आणि आंबट पडलं की दाणा शिजायचा थांबतो. टोमॅटोचंही तेच. छोले अर्धेकच्चे राहण्याचं निम्मं कारण हे असतं, की लोक कच्चे चणे आणि टोमॅटो एकाच कुकरमध्ये एकदम लावतात.

आणि ते शिजवलेलं पाणी! ओतून देणाऱ्या बाईला मी माझ्या स्वयंपाकघरात उभी करणार नाही. पुरणाची डाळ शिजवून वर राहिलेल्या पाण्याची येळवणी आपण चाटूनपुसून खातो, आणि चण्याचं पाणी मात्र मोरीत? सगळा दाटपणा त्यातच आहे. कालवणात वरून साधं पाणी घालावं लागलं तर समजायचं की कुकरमध्ये कमी घातलं होतं.

फोडणीला तीन चमचे तेल, आमच्याकडे करडईचं. आता करडईचं तेल महाग झालंय, निम्मं सोयाबीनचं मिसळते, लपवत नाही. जिरं, हिंग, आठ-दहा लसूण पाकळ्या ठेचून. लसूण सोनेरी झाला की एक कांदा बारीक चिरून. कांदा तर घरात असतोच, तो संपला तर मग रविवार काय नि सोमवार काय. कांदा नीट परता, तेल सुटेपर्यंत, दहा मिनिटं तरी. मध्येच चिमूटभर मीठ टाकलं की लवकर मऊ पडतो. दुसरीकडे सुक्या खोबऱ्याचा चार बोटांचा तुकडा थेट गॅसवर धरायचा, काळे डाग पडेपर्यंत, आणि मग धने, थोडी खसखस असली तर ती, सगळं कोरडंच मिक्सरमध्ये. हे वाटण कांद्यात घालून दोन मिनिटं.

मग गॅस बंद. हो, बंद. तिखट आणि काळा मसाला बंद आचेवरच घालते मी. तेल तापलेलं असतंच, त्या उष्णतेत तिखटाचा रंग तेलात उतरतो आणि जळत नाही. तिखट चढत्या आचेवर टाकून, ठसका लागून, खिडक्या उघडून, डोळे चोळत स्वयंपाक करणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. त्यांच्या तर्रीला रंग येतो तो काळपट, आणि चव कडवट. एक चमचा तिखट, दीड चमचा काळा मसाला, पाव चमचा हळद, तेलात ढवळायचं आणि लगेच चण्याचं गरम पाणी वाटीभर ओतायचं. आता गॅस परत सुरू.

चणे घालायच्या आधी त्यातले मूठभर डावाच्या पाठीने पातेल्याच्या कडेला चेचून घेते. दाटपणाचा पहिला अर्धा भाग तो. दुसरा अर्धा येसूर.

येसूर काय ते पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना नीट सांगावं लागेल. बाजरी, ज्वारी, गहू, हरभऱ्याची डाळ, हे खमंग भाजायचं, त्यात धने, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, सुकं खोबरं भाजून घालायचं आणि गिरणीतून जाडसर दळून आणायचं. घराघराचं माप वेगळं. लग्नघरात येसूर आधी होतो, कारण पाहुण्यांना येसुराची आमटी आणि भाकरी. आत्याबाई उन्हाळ्यात अडीच-तीन किलो करतात आणि तो वर्षभर पुरतो, कारण एका कालवणाला दोन चमचे लागतात. अर्धी वाटी गार पाण्यात कालवून, गुठळी मोडून, उकळत्या कालवणात धारेने सोडायचा. दोन मिनिटांत रस्सा अंगाला येतो. तुमच्याकडे येसूर नसेल तर ज्वारीचं पीठ दोन चमचे कोरडंच तांबूस भाजा आणि तसंच वापरा, वरून मसाला थोडा वाढवा. बेसनही चालतं, पण बेसनाने पिठल्याकडे चव जाते. शेंगदाण्याचं कूट घातलं की गोडसर होतं, मुलांना बरं. काजूची पेस्ट घालणाऱ्यांशी माझं भांडण नाही, फक्त ते कालवण भाकरीत मुरत नाही, वरच्या वर बसतं.

येसूर पडल्यावर लिंबाएवढी चिंच कोळून, सुपारीएवढा गूळ, मीठ चाखून. चण्यांत मीठ आधीच गेलेलं आहे हे विसरायचं नाही. आणि मग बारीक आचेवर दहा-बारा मिनिटं, झाकण अर्धं ठेवून. मधून मधून तळापासून ढवळा, येसूर बुडाला धरतो. वर लाल तेल येऊन थांबलं की झालं. कोथिंबीर असेल तर घाला, नसेल तर तिच्यासाठी खाली उतरू नका.

भाकरी ज्वारीचीच, आणि कांदा बुक्कीने फोडलेला. आमचे हे भातावर घेतात, त्यांना मी काही बोलत नाही.

भिजवायचं राहिलं तर काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. चणे उकळत्या पाण्यात टाका, तीन मिनिटं खळखळू द्या, गॅस बंद करून झाकण ठेवा, तासाभराने तेच रात्रभर भिजवल्याच्या जवळपास येतात. पाणी बदला आणि कुकरला पाच-सात मिनिटं जास्त द्या. तेवढाही वेळ नसेल तर त्या दिवशी मसूर करा. मसूर भिजवल्याशिवाय अर्ध्या तासात होतो आणि हाच सगळा मसाला त्याला चालतो.

माझ्याकडे दोन वर्षं जेवलेला एक मुलगा आता जर्मनीत शिकतो. त्याचा मेसेज आला, "काकू, इथे डब्यातले शिजवलेले चणे मिळतात, त्याचं तुमच्यासारखं होईल का?" होतं. चारशे ग्रॅमच्या डब्यात पाणी काढल्यावर दोनशे चाळीस ग्रॅम चणे निघतात, म्हणजे आपले कोरडे शंभर ग्रॅम धरा. एका भुकेल्या पोराला एक डबा. डब्यातलं पाणी बहुतेक खारट असतं, चाखून बघ, अर्धं वापर आणि वरचं मीठ घालू नकोस. दाणा आधीच मऊ आहे, त्यामुळे चिंच कधी घालायची ह्याची काळजी नाही. चिंच नसेल तर लिंबू, पण गॅस बंद केल्यावर. येसूर मी त्याच्या आईकडे पाठवला होता, तो बॅगेत गेला. त्याने फोटो पाठवला त्यात कालवणाबरोबर पाव होता. ज्वारीचं पीठ तिकडे एवढं महाग आहे म्हणे, की तो ते फक्त येसूर संपला की भाजायला वापरतो.

शिजवलेले चणे उरले तर त्यांच्याच पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस राहतात. कोरडे ठेवले की साल वाळून चामट होतं. कालवण उरलं तर दुसऱ्या दिवशी ते आळून घट्ट होतं. त्यात पाणी घालून पातळ करत बसू नका. तव्यावर थोडं तेल टाकून तसंच परता, कडा खरपूस होऊ द्या, वर कांदा आणि शेव. सोमवारी सकाळी डब्यांची धांदल सुरू व्हायच्या आत, उभ्या उभ्या ओट्यापाशी मी तेच खाते, आणि ते मी कुणाला वाढत नाही.